डॉक्टरांच्या चमच्यांचा लिलाव

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, चष्म्याचं दुकान चालवायचे. दुकान लहानसंच. पुढे काचेचं दार, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, तपासणीची एक उंच खुर्ची आणि मागच्या खोलीत भिंगं घासायचं यंत्र. काका स्वभावाने अतिशय टापटीप. नखं कापलेली, रुमाल घडीचा, बोलणं मोजकं. आणि अशा माणसाला दिवसभर लोकांचे जुने चष्मे हाताळायला लागायचे. नाकावर टेकणाऱ्या गाद्यांखाली साचलेला हिरवट चिकट मळ, कानामागच्या दांडीवरचा पिवळा मेणचट थर, बिजागरीत अडकलेला कोंडा. बारीक ब्रशने ते खरवडून काढताना काका श्वास रोखून धरायचे. गिऱ्हाईक गेलं की कोपरापर्यंत हात धुवायचे. मावशी म्हणायची, लग्नानंतर पहिलं वर्षभर मला वाटायचं, हे माझ्यावर रागावून हात धुतात.

या माणसाला चांदीच्या जुन्या चमच्यांचं वेड लागलं ते अगदी योगायोगाने. दुकानात फ्रेमी ठेवायला खणांचं कपाट हवं होतं, म्हणून ते लिलावघरात गेले आणि एक कपाट घेऊन आले. त्याच्या एका खणाच्या मागे काळाठिक्कर पडलेला एक चमचा अडकून बसला होता. काकांनी तो धुतला, खडूची पूड लावून फडक्याने घासला, आणि काळ्यातून हळूहळू पांढरंशुभ्र काहीतरी वर आलं. दांडीच्या मागे चार बारीक छाप होते. डोळ्याला भिंग लावून बघितलं, तर कारागिराची अक्षरं, शुद्धतेची मोहर, गावाची खूण आणि घडणीचं वर्ष सांगणारं अक्षर. त्या दिवशी दुपारनंतर दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना काकांनी उद्या या म्हणून परत पाठवलं, असं मावशी सांगते.

नंतर मात्र चमचे येतच राहिले. चहाचे, साखरेचे, शिंपल्याच्या आकाराचे, चहातली पत्ती उचलायला जाळी पाडलेले, हाडातला मगज काढायचे लांब अरुंद. काका म्हणायचे, जुनी चित्रं किंवा फर्निचर घ्यायला ऐपत लागते आणि ठेवायला घर लागतं. चमचा मुठीत मावतो. शिवाय जुन्या चमच्याच्या वाटीची एक बाजू झिजलेली असते, कारण उजव्या हाताने खाणारी माणसं वर्षानुवर्षं एकाच कडेने भांडं खरवडतात. ती झीज बघून काका खूश व्हायचे. सगळ्यांत मोठं समाधान म्हणजे, चांदी पुसली की पुसली जाते. तिच्यावर कुणाचा मळ राहत नाही.

मावशीला हे अजिबात पटायचं नाही. तिच्या लेखी ते सगळे मेलेल्या माणसांचे उष्टे चमचे होते. "शे-दोनशे तोंडांत जाऊन आलेली वस्तू, आणि तुम्ही ती छातीशी धरून बसता," म्हणायची. तिने एकही चमचा स्वयंपाकघरात येऊ दिला नाही. काकांनी बैठकीत काचेचं कपाट करून घेतलं आणि आत निळी मखमल लावली. आजूबाजूचे दुकानदार थट्टा करायचे, की साहेबांना चमचे ठेवण्याचा शौक असतो हे माहीत होतं, पण चष्मेवाल्याला कशाला हवेत? काका शांतपणे म्हणायचे, "माझे चमचे पुढे पुढे करत नाहीत."

लिलावघरातच त्यांची डॉक्टरांशी ओळख झाली. डॉक्टर दातांचे होते, दवाखाना बंद करून बसलेले, मोठ्या आवाजाचे, हसरे. लिलावाच्या आदल्या दिवशी वस्तू बघायला ठेवतात, तिथे दोघांनी एकाच ट्रेमधल्या एकाच चमच्याला हात घातला. डॉक्टरांनी तो चमचा काकांसाठी सोडला आणि वर म्हणाले, तुम्ही लोकांचे डोळे बघता, मी तोंडं बघितली, चमचे कुठे जाऊन आलेत ते मला जास्त माहीत. तेव्हापासून मैत्री जमली. दोघे रविवारी एकमेकांकडे जायचे, टेबलावर फडकं पसरून चमचे मांडायचे. डॉक्टरांची बायको चहा आणून ठेवायची आणि आत जायची. काका तिला वहिनी म्हणायचे, ती काकांना भाऊजी. याहून जास्त बोलणं कधी झालं नाही.

वर्षभराने डॉक्टरांनी काकांना मंडळात घेतलं.

मंडळ म्हणजे पाच-सहा चमचेवाले. त्यांत एक वकील होते, जाडसर, ओलसर ओठांचे, सतत काहीतरी चघळणारे. बाकीचे इकडचे तिकडचे व्यापारी. मंडळाचं काम सोपं होतं. लिलावात चांगला नग आला की सगळ्यांनी एकमेकांवर बोली चढवायची नाही. एकानेच हातातली नंबराची पाटी वर करायची, बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवून छताकडे बघायचं. चांदीची पारख असणारे तेवढेच, त्यामुळे भाव वर जायचाच नाही आणि नग मातीमोल जायचा. मग लिलावघराच्या मागच्या गल्लीतल्या चहाच्या दुकानात सगळे जमायचे आणि तोच नग आपसांत पुन्हा लिलावाला काढायचे. तिथे खरी किंमत लागायची. मधला फरक सगळ्यांनी वाटून घ्यायचा. ज्याने काहीच घेतलं नाही तोसुद्धा खिशात काहीतरी घालून घरी जायचा. ज्याच्या घरातून चमचे आले, त्याला यातलं काही कळायचं नाही.

काकांना हे कळलं त्या दिवशी त्यांचा चहा तसाच राहिला होता. पण ते उठून गेले नाहीत. नंतर मावशीपाशी त्यांनी कबूल केलं, की मला कळत होतं, फक्त टोचत नव्हतं. मंडळात हसणं-खिदळणं असायचं, चमच्यांबद्दल तासन्‌तास बोलता यायचं, आणि विकणारा समोर कधी नसायचा. कुणाची तरी आजी वारली, कुणाचा तरी भाऊ परदेशी गेला, घर रिकामं करायचं होतं. माणसं नव्हतीच, नुसते ट्रे होते. कितीतरी वर्षं काका त्या टेबलाशी बसले.

मग डॉक्टर आजारी पडले आणि चार महिन्यांत गेले. पोटाचा आजार होता. शेवटी शेवटी त्यांना चमच्याने पातळ काहीतरी भरवावं लागायचं. काका भेटायला गेले की खोलीत औषधाचा आणि आंबूस श्वासाचा वास भरलेला असायचा. वहिनी स्टीलच्या साध्या चमच्याने भरवायच्या, अर्धं गळ्यावरून ओघळायचं, त्या पुसायच्या. बाजूच्या कपाटात चांदीचे दीडशे चमचे कुलपात होते. काकांनी एकदा सुचवलं, की त्यांतला लहान तोंडाचा एखादा वापरला तर सोपं जाईल. डॉक्टरांनीच मान हलवून नको म्हटलं. छाप झिजतो, म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर थोड्याच दिवसांत वहिनींनी सगळे चमचे लिलावघरात पाठवले. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. काकांना ते छापील यादी हातात आल्यावर कळलं.

बघायच्या दिवशी काका गेले, तर मंडळ आधीच आलेलं. लिलावघराचा हॉल म्हणजे गुंडाळलेले गालिचे, डांबरगोळ्या आणि लोकांच्या घरांतून उचलून आणलेल्या कपाटांचा कोंदट वास. मधल्या टेबलावर डॉक्टरांचे ट्रे मांडले होते. वकील एकेक चमचा उचलून त्यावर तोंडातली वाफ सोडत होते, अंगठ्याने पुसत होते आणि छाप बघत होते. ट्रेखालच्या खोक्यात घरातलं किरकोळ सामानही येऊन पडलं होतं. त्यात औषध मोजायचा एक चांदीचा जुना चमचा होता, वाटीत तपकिरी औषध सुकून कडक झालेलं. वकिलांनी तो उचलला, वास घेतला आणि नखाने ते औषध खरवडायला लागले. पापुद्रे त्यांच्या कोटावर पडत होते. "डॉक्टरने हा आपल्याला कधी दाखवला नाही हं," ते म्हणाले आणि चमच्याची कड जिभेवर टेकवून बघितली.

काकांनी हातातली यादी मिटली. ते बाहेर येऊन पायरीवर उभे राहिले. वकील मागोमाग आले, काकांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात सांगितलं, की उद्या बोली मी लावणार, तुम्ही सगळे गप्प बसा. आणि डॉक्टर असते तर त्यांनीही हेच केलं असतं. यात खोटं काहीच नव्हतं, आणि त्याचीच काकांना जास्त शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी हॉल अर्धा रिकामा होता. काका नेहमीच्या जागी, मागून दुसऱ्या रांगेत बसले. थोड्या वेळाने त्यांचं लक्ष गेलं, तर पुढे वहिनी बसलेल्या. साधी फिकट साडी, मांडीवर पर्स, पाठ ताठ. मंडळाच्या इतक्या वर्षांत विकणारं माणूस हॉलमध्ये बसलेलं काकांनी पहिल्यांदा पाहिलं.

पुकारणाऱ्याने पहिला ट्रे काढला. वकिलांनी पाटी वर केली. पुकारणाऱ्याने आणखी कुणी, आणखी कुणी, असं दोनदा विचारलं. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. हातोडी पडली. दुसरा ट्रे, तिसरा ट्रे, तसंच. ज्या जाळीच्या चमच्यासाठी डॉक्टरांनी दोन गावं पालथी घातली होती, तो एका जेवणाच्या किमतीला गेला. वहिनी मागे वळून बघत होत्या. प्रत्येक वेळी पुकारणारा आणखी कुणी म्हणाला, की त्या मान वळवून सगळ्या रांगांवरून नजर फिरवायच्या, सावकाश, तोंडावरची रेषही न हलवता. काकांवर ती नजर आली की काका छताकडे बघायचे. पाटी त्यांच्या मांडीवर होती. तळहाताला घाम सुटून तिचा पुठ्ठा ओला झाला होता. शेवटचा नग जाईपर्यंत त्यांनी हात उचलला नाही.

त्यानंतर चहाचं दुकान. टेबलावरचं मेणकापड चिकट होतं, त्यावर बिस्किटाचा चुरा आणि सांडलेल्या चहाचे गोल डाग. वकिलांनी चमचे त्यावरच ओतले. इतक्या काळजीने कुलपात ठेवलेले ते चमचे खणखणत एकमेकांवर पडले. बोली सुरू झाली. लोक हसत होते, एकमेकांच्या हातातून चमचे ओढून घेत होते. वकिलांनी तोच औषधाचा चमचा चहात बुडवला, ढवळला आणि चोखून पुसला. वाटीच्या कडेला अजून तपकिरी डाग होता. म्हणाले, डॉक्टरच्या नावाने. सगळे हसले.

मग वाटणी झाली आणि काकांचा वाटा त्यांच्या पुढ्यात सरकवला गेला. नोटांच्या खालच्या बाजूला चहा लागलेला. काका उठले, मागच्या मोरीपाशी गेले आणि भडाभडा ओकले. मोरीत आधीच चहाची पत्ती तुंबलेली होती, ते सगळं वर तरंगायला लागलं. दुकानवाला शिव्या देत बादली घेऊन आला. काकांनी तोंड धुतलं, पैसे खिशात घातले आणि थेट डॉक्टरांच्या घरी गेले.

वहिनींनी दार उघडलं. आत घ्यायला वेळ लावला. आजारपणाची खोली रिकामी केलेली होती, गादी उभी करून भिंतीला टेकवलेली. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मंडळ काय करतं, आज काय झालं, आपला वाटा किती. आणि नोटा टेबलावर ठेवल्या.

वहिनींनी नोटांकडे बघितलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे मला सांगायला आलात? हे मला लग्नाच्या तिसऱ्या वर्षापासून माहीत आहे. चहाच्या दुकानातून आले, की ते फार खुशीत असायचे. कुठल्या बाईचं काय काय उचललं, ते मला जेवताना सांगायचे."

 माहीत होतं तर मग लिलावाला का दिले, असं काकांनी विचारलं.

"घरात नको होते म्हणून. आणि बघायचं होतं." त्यांनी भिंतीला टेकवलेल्या गादीकडे बघितलं. "त्यांच्यासाठी कुणी एक तरी हात वर करतं का, ते बघायचं होतं. तुम्ही कराल, असं वाटलं होतं. पैसे उचला ते. माझ्या टेबलावर नकोत."

काकांनी पैसे उचलले. जिना उतरताना त्यांना कळेना, की किळस कुणाची येतेय. डॉक्टरांची, वकिलांची, की स्वतःच्या खिशाची.

त्यानंतर महिनाभर काका चमच्यांच्या कपाटाकडे फिरकले नाहीत. एकदा मावशीने धूळ पुसायला दार उघडलं, तर म्हणाले, बंद कर, वास येतो. मावशीला हसू आलं, कारण हेच ती वर्षानुवर्षं म्हणत आली होती. पण त्यांचा चेहरा बघून तिने हसू गिळलं. दुकानात मात्र उलटंच झालं. चष्म्यावरचा मळ काढताना ते पूर्वीसारखा श्वास रोखेनात. मावशीला म्हणाले, हा मळ निदान ज्याचा त्याचा असतो.

मग एक दिवस ते लिलावघराच्या व्यवस्थापकाकडे गेले आणि मंडळाची सगळी हकीकत सांगितली. व्यवस्थापकाने चहा मागवला, दार लोटून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की आम्हाला ठाऊक आहे. पण हीच माणसं दर लिलावाला येतात, हॉल भरलेला दिसतो, आमचं कमिशन सुटतं. तक्रार कोण करणार? विकणाऱ्याला कळत नाही, आणि मेलेला येत नाही. तुम्हीही इतकी वर्षं त्यातच होता ना? काकांनी चहाला हात लावला नाही.

त्या रात्री जेवताना त्यांनी मावशीला सांगितलं, की आपण आपले चांगले चमचे विकणार. मावशी म्हणाली, सुटले एकदाचे. काका म्हणाले, सुटणार नाहीत, उलट घरात वाईट चमचे येतील. मावशीला तेव्हा काहीच कळलं नाही.

झालं असं. पुढच्या लिलावाला काका पहिल्या रांगेत जाऊन बसले. कुणा शिक्षकाच्या घरचे चमचे होते. वकिलांनी नेहमीसारखी पाटी वर केली आणि काकांनीही केली. वकिलांना वाटलं, चुकून झालं. त्यांनी आणखी चढवलं, काकांनी त्याहून वर. मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. भाव योग्य जागी आला, तसे काका थांबले. वकिलांना तो नग खऱ्या किमतीला घ्यावा लागला. पुढच्या नगाला पुन्हा तेच. पाच-सहा नगांनंतर वकिलांनी सूड म्हणून मध्येच हात आखडता घेतला, आणि वेड्यावाकड्या वेलबुट्टीचे, डाग पडलेले, मोडून सांधलेले बारा चमचे काकांच्या गळ्यात पडले. ते त्यांनी मुकाट्याने घेतले.

लिलावानंतर गल्लीच्या तोंडाशी मंडळाने त्यांना गाठलं. वकील थुंकी उडवत बोलत होते. विश्वासघात, दगाबाज, डॉक्टरांना काय वाटलं असतं. काकांनी रुमालाने चेहरा पुसला आणि म्हणाले, "डॉक्टरांच्या वेळी मी गप्प बसलो होतो. ते तुम्हाला आवडलं होतं." आणि चालायला लागले.

पुढची सहा वर्षं हेच चाललं. प्रत्येक लिलावाला काका जायचे, प्रत्येक चमच्यावर पाटी वर करायचे, आणि नेमक्या जागी थांबायचे. कधी अंदाज चुकायचा, कधी मंडळ मुद्दाम चुकवायचं, आणि भंगार पदरी पडायचं. त्याचे पैसे भरायला ते आपल्या कपाटातला एकेक देखणा चमचा काढून विकायचे. निळ्या मखमलीवर आता ठिगळं लावलेले, दांडी वाकलेले, छाप घासून गेलेले चमचे दिसायला लागले. मी तेव्हा कॉलेजात होते. मी विचारलं, की काका, तुम्हाला आता यात मजा येते का? ते म्हणाले, बिलकुल नाही. हॉलमध्ये शिरलो की मळमळतं. त्या डांबरगोळ्यांच्या वासाने घरी येऊन अंघोळ करावी लागते. लोक मेलेल्याच्या ट्रेमध्ये बोटं घालतात ते बघवत नाही. मग जाता कशाला, असं मी विचारलं, तर ते चष्म्याची काच पुसत राहिले.

मंडळ हळूहळू विस्कटलं. खरी किंमत हॉलमध्येच मोजावी लागली तर मागच्या दुकानात वाटून घ्यायला उरतं काय? दोघांनी यायचं सोडलं, उरलेल्यांत भांडणं झाली. वकील मात्र येत राहिले. एकदा ते काकांच्या दुकानातही आले, कारण जवळपास दुसरा चष्मेवाला नव्हता. काकांनी त्यांचे डोळे तपासले, नंबर काढला, चष्मा करून दिला. त्यांच्या जुन्या चष्म्याच्या गादीखालचा मळ स्वच्छ केला. पैसे घेतले. 

वहिनींकडे ते पुन्हा कधी गेले नाहीत. मावशी एकदा गेली होती, नवरा काय करतोय ते सांगायला. वहिनींनी ऐकून घेतलं आणि नुसतं बरं म्हणाल्या. मावशी चिडून घरी आली. काकांना मात्र त्यात वावगं काही वाटलं नाही.

शेवटच्या दिवसांत गुडघ्यांमुळे जिने चढणं कठीण झालं, तरी ते जायचे. अशाच एका लिलावाला मी त्यांना सोबत म्हणून गेले. कुणा वारलेल्या बाईचे चहाचे चमचे होते, आणि तिची मुलगी आमच्या मागे, मैत्रिणीबरोबर बसली होती. काकांनी पाटी वर केली. भाव चढत गेला. मुलगी मैत्रिणीचा हात घट्ट धरून बसलेली, तिचा श्वास मला ऐकू येत होता. भाव पुरेसा झाला तसे काका थांबले, दुसऱ्याच कुणीतरी ते चमचे घेतले. पुढच्या ट्रेला पुन्हा काकांची पाटी वर.

मागून ती मुलगी कुजबुजली. "त्या म्हाताऱ्याला बघ. मरायला टेकलाय, तरी आईच्या प्रत्येक चमच्यावर हात मारतोय. किळस येते अशा माणसांची."

मी मागे वळणार होते. काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. मग समोर बघत त्यांनी पुढच्या नगासाठी पाटी वर केली.